वसईचा दुभाषी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘जपानी भाषा आणि नोकरीच्या संधी’. तो मी आधी दोन मिनिटांत उरकते. जपानी शिकायला वयाची अट नाही, चिकाटीची आहे. परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, एन-फाईव्हपासून एन-वनपर्यंत. कारखान्यात दुभाषी म्हणून उभं राहायचं असेल तर निदान एन-टू हवी. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात काम मिळतं. ज्यांना आणखी माहिती हवी त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं.

उरलेल्या वेळात मला एका माणसाबद्दल बोलायचं आहे. हा माणूस आपल्या महाराष्ट्रातला. सव्वाचारशे वर्षांपूर्वी तो अस्खलित जपानी बोलत होता आणि जपानच्या सर्वांत बलाढ्य सत्ताधीशासमोर दुभाषी म्हणून उभा राहिला होता. आज तो कॅथलिक चर्चचा संत आहे. भारतात जन्मलेल्या माणसांमध्ये संतपद मिळालेला तो पहिला. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया, गाव वसई.

हात वर करायला सांगत नाही, पण माझा अंदाज आहे की हे नाव इथे फार थोड्यांनी ऐकलं असेल. वसई म्हटलं की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातला एकच धडा आठवतो, चिमाजी अप्पांची मोहीम, १७३९. आपल्यापैकी जे चाकणवरून पुढे भीमाशंकरला गेले असतील त्यांनी देवळासमोरची ती मोठी घंटाही पाहिली असेल. ती वसईच्या मोहिमेतून आली असं सांगतात. पण चिमाजी अप्पांच्या आधी दोनशे वर्षं वसईत पोर्तुगीज होते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई त्यांना दिली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, १५५७ च्या सुमारास, गोन्सालो तिथे जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली.

म्हणजे घरात दोन भाषा. आईची एक, वडिलांची दुसरी. पुढे तो किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत शिकला. जेझुइट म्हणजे ख्रिस्ती संन्याशांचा एक संघ, शाळा चालवण्यासाठी नावाजलेला. शाळेतल्या गुरुजींचा या मुलावर जीव होता. १५७२ साली, पंधराएक वर्षांचा असताना, तो त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला.

आता जपानी शिकलेली बाई म्हणून सांगते. मी ही भाषा पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात शिकले. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून वडील घरी यायच्या वेळी मी सायकल घेऊन निघायचे. वही, शब्दकोश, कॅसेट, सगळं हाताशी होतं, तरी मला नीट बोलता यायला सहा वर्षं लागली. गोन्सालोकडे यातलं काही नव्हतं. तो कानाने शिकला. बाजारात, रस्त्यावर, मुलांबरोबर खेळताना शिकला. आठ वर्षं त्याने तिथे धर्मशिक्षकाचं काम केलं आणि मुलांचा तो लाडका होता. ज्याने लहानपणी दोन भाषांमध्ये उड्या मारल्या आहेत त्याला तिसरी, चौथी सोपी जाते, हे मी माझ्या धंद्यात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्याची एकच इच्छा होती, जेझुइट संघात प्रवेश मिळावा. त्याने तो मागितला आणि तो मिळाला नाही. त्या काळात हिंदुस्थानात जन्मलेल्या, इथलं रक्त असलेल्या मुलांना संघात घ्यायला वरिष्ठ राजी नसायचे. काम करायला तो चालत होता, शिकवायला चालत होता, भाषा बोलायला तर हवाच होता. पण ‘आमचा’ म्हणायची वेळ आली की दार बंद.

इथे बसलेल्या पुष्कळांना हा अनुभव परका नसेल. मराठी शाळेतून गेलेल्यांना कंपनीत, कंत्राटावर राबलेल्यांना कायम होण्याच्या वेळी, कधी ना कधी हे दार दिसलेलं असतं.

गोन्सालो तिथून निघाला आणि व्यापारी झाला. धंदा चांगला चालला. पूर्वेकडच्या बंदरांमध्ये जपानी जाणणारा व्यापारी म्हणजे पैसा मिळणारच. तो तिथेच थांबला असता तर सुखाने म्हातारा झाला असता. पण फिलिपिन्समध्ये मनिलाला त्याची फ्रान्सिस्कन संन्याशांशी ओळख झाली. असिसीचा फ्रान्सिस हा तेराव्या शतकातला संत, गरिबी हाच ज्याचा दागिना, त्याचा हा संघ. त्यांनी गोन्सालोला घेतलं. धर्मगुरू म्हणून नाही, ब्रदर म्हणून. म्हणजे व्रत घेतलेला सेवक, स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा. कमावलेलं सोडून तो तिथे राहिला.

आता जपानकडे वळू. त्या वेळी तिथे तोयोतोमी हिदेयोशीची सत्ता होती. साध्या घरातून वर आलेला, सगळा देश एका हाताखाली आणलेला माणूस. १५८७ मध्येच त्याने ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी देश सोडावा असं फर्मान काढलं होतं, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९२ मध्ये त्याने कोरियावर फौजा पाठवल्या आणि त्याच सुमारास मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला पत्र पाठवलं की, आमचं वर्चस्व मान्य करा. त्या पत्राचा खुलासा करून घ्यायला मनिलाहून एक धर्मगुरू गेला, तो परतीच्या वाटेवर जहाज फुटून मेला. मग १५९३ मध्ये दुसरं शिष्टमंडळ गेलं. प्रमुख होता पेद्रो बाप्तिस्ता नावाचा फ्रान्सिस्कन, आणि त्याचा दुभाषी आपला वसईचा गोन्सालो. भेट झाली नागोयाला. आपल्या ओळखीचं मोटारींचं नागोया नव्हे. हे क्युशू बेटावरचं, कोरियाच्या मोहिमेसाठी बांधलेलं किल्ल्याचं गाव.

ती बैठक डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला शरणागती मागणारा हिदेयोशी. दुसऱ्या बाजूला स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी, ज्याला मैत्री हवी आहे पण शरणागती द्यायची नाही. आणि मध्ये उभा असलेला एक साधा ब्रदर, ज्याच्या तोंडून दोन्ही बाजूंचं सगळं जाणार आहे.

दुभाष्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. याचं ऐकायचं, त्याला सांगायचं. पण जपानी साहेब ‘केन्तो शिमास’ म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘विचार करतो’, आणि बहुतेक वेळा मतलब असतो ‘नाही’. आपला सुपरवायझर म्हणतो ‘होऊन जाईल साहेब’, आणि ते कधी होईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. दोघेही खोटं बोलत नसतात. दोघेही आपापल्या घरच्या रीतीने बोलत असतात. हे दोन्ही न सांडता पलीकडे न्यायचं, याला दुभाषेपण म्हणतात.

आणि एक नियम आहे. समोरचा ‘मी’ म्हणाला की आम्हीही ‘मी’ म्हणायचं. ‘साहेब म्हणतायत की ते नाराज आहेत’ असं नाही बोलायचं, ‘मी नाराज आहे’ असंच बोलायचं. दिवसभर आम्ही दुसऱ्याचा ‘मी’ होऊन बोलतो. स्वतःचा ‘मी’ गेटवर सिक्युरिटीकडे ठेवून यायचा.

पण तो कायमचा ठेवता येत नाही. एक प्रसंग सांगते. कारखान्याचं नाव सांगत नाही. प्रेस शॉपमध्ये जपानी इंजिनीअर पाहणीला आले होते. मी बरोबर होते. एका प्रेसजवळ ते थांबले आणि ऑपरेटरला विचारलं, काही अडचण आहे का? तो पोरगा मराठवाड्यातला, कंत्राटावरचा, वीस-एकवीस वर्षांचा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाला, “मॅडम, कर्टन बायपास केलंय. आठ दिवस झाले.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो. हात आत गेला की मशीन आपोआप थांबतं. उत्पादन वाढवायला तो बंद केला होता. आमच्यामागे उभे असलेले मॅनेजर हळूच म्हणाले, “मॅडम, एवढं सांगायची गरज नाही. अडचण काही नाही म्हणा.”

त्या पोराचे दोन्ही हात शाबूत होते. मी त्याचा ‘मी’ झाले आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं जपानीत सांगितलं. लाईन दोन तास बंद राहिली. कर्टन चालू झालं. पुढचे सहा महिने त्या कारखान्यातून मला बोलावणं आलं नाही. त्याचं काही नाही, दुसरी कामं होती. पण या पट्ट्यात बोटं गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत, कुणाच्या घरातलीही असतील. म्हणून सांगते, मधल्या माणसाने एक वाक्य गाळलं तर त्याची किंमत कोण देतं, हे आपल्याला इथे कुणी शिकवायची गरज नाही.

गोन्सालोला याहून मोठी किंमत द्यावी लागली. बोलणी निभावली. फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहायची परवानगी मिळाली. तिथे त्यांनी मठ बांधला आणि गरिबांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळं चालवली. गावाने ज्यांना बाहेर काढलं होतं त्यांच्या जखमा धुवायचं काम ही मंडळी करत होती. आणि त्या माणसांची विचारपूस त्यांच्याच भाषेत करू शकेल असा एक ब्रदर त्यांच्यात होता.

तीन वर्षं बरी गेली. १५९६ च्या शरद ऋतूत ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरचा किमती माल हिदेयोशीच्या माणसांनी जप्त केला. वाद पेटला, संशय वाढला, आणि डिसेंबरमध्ये क्योतो-ओसाकाच्या मठांवर पहारे बसले. शिक्षा ठरली, कान-नाक कापून गावोगाव फिरवायचं आणि नागासाकीला नेऊन क्रुसावर मारायचं. अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याने शिक्षा थोडी हलकी केली. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मग गाड्यांमधून क्योतो, ओसाका, साकाई अशी धिंड काढली आणि जानेवारीच्या थंडीत त्यांना नागासाकीच्या वाटेला लावलं. जवळजवळ ८०० किलोमीटर, जवळजवळ महिनाभर. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत आणखी दोघांना धरून त्यांच्यात घातलं, म्हणून सव्वीस झाले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आपला. सर्वांत लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. सहा जण फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकीचे साधे गृहस्थ आणि मुलं. ज्या संघाने गोन्सालोला दार उघडलं नव्हतं त्याची माणसं आणि ज्याने उघडलं त्याची माणसं त्या दिवशी एकाच रांगेत होती. तिथे कोण आतला, कोण बाहेरचा, हा प्रश्न उरला नव्हता.

गोन्सालो तेव्हा चाळिशीत होता. आयुष्यभर त्याने इतरांचे शब्द पोचवले. त्या टेकडीवर मात्र कुणाचं भाषांतर करायचं नव्हतं. तिथला ‘मी’ त्याचा स्वतःचा होता.

मी निशिझाकाला गेले आहे. प्रशिक्षणासाठी आलेल्या आपल्याकडच्या इंजिनीअरांच्या तुकडीबरोबर जपानला गेले होते, एक रविवार मोकळा मिळाला. तिथे १९६२ मध्ये उभारलेलं स्मारक आहे, सव्वीस ब्राँझच्या मूर्ती एका लांब भिंतीवर ओळीने. त्यांची पावलं जमिनीला टेकलेली नाहीत. नावं वाचत गेले आणि वसईच्या माणसाचं नाव सापडलं. मी ख्रिस्ती नाही, प्रार्थना येत नाही. आपल्याकडे करतात तसे हात जोडले. आपल्या धंद्यातला एक थोरला भाऊ भेटल्यासारखं वाटलं.

आता त्याच्या मागे काय झालं ते ऐका. पोपने १६२७ मध्ये या सव्वीस जणांना धन्य घोषित केलं, आणि ८ जून १८६२ रोजी संतपद दिलं. भारतातली पुढची संत, केरळची अल्फोन्सा, २००८ मध्ये झाली. मधे १४६ वर्षं गेली. वसईत आज त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे, गास गावचं चर्च त्याच्या नावाचं आहे, १९९८ मध्ये स्थापन झालेला वसईचा धर्मप्रांत त्याला आपला आश्रयदाता संत मानतो.

‘आश्रयदाता संत’ हा शब्द आपल्याला नवा वाटेल, पण कल्पना जुनीच आहे. सोनारांना नरहरी महाराज, शिंप्यांना नामदेव, कुंभारांना गोरोबाकाका, माळ्यांना सावता महाराज. आपलंच काम करणारा एक माणूस वर पोचला, तो आपली बाजू सांगेल, असा तो भरवसा आहे. कॅथलिकांमध्ये भाषांतरकारांचा संत जेरोम. त्याचा दिवस ३० सप्टेंबर, तोच जागतिक भाषांतर दिन.

पण गोन्सालोला आणखी कुणी कवटाळलं हे ऐकून मी थक्क झाले. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथे अठराव्या शतकात ‘पार्दो’ म्हणून ओळखले जाणारे लोक होते, मिश्र रक्ताचे, ना गोऱ्यांमध्ये ना काळ्यांमध्ये. त्यांना कळलं की एक मिश्र रक्ताचा माणूस वेदीपर्यंत पोचला आहे. त्यांनी १७४५ मध्ये त्याचा मोठा उत्सव केला. असा माणूस संतांच्या पंगतीत बसू शकतो का, अशी शंका लोक काढत होते. तेव्हा जाबोआतांव नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने त्या उत्सवात प्रवचन देऊन त्या लोकांचा आणि त्यांच्या रंगाच्या संताचा मान राखला. ते प्रवचन १७५१ मध्ये लिस्बनला छापलं गेलं. तेव्हा त्याला पूर्ण संतपदही मिळालं नव्हतं. रोमने संतपद देण्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, समुद्रापलीकडच्या माणसांनी त्याला आपला म्हटलं होतं. ज्या कारणासाठी एका दाराने त्याला नाकारलं, त्याच कारणासाठी त्यांनी त्याला जवळ केलं.

हल्ली कारखान्यातली तरुण मुलं मोबाईल दाखवून मला म्हणतात, “मॅडम, आता ॲप आहे, तुमची काय गरज?” ॲप चांगलं आहे, मीही वापरते. पण ‘एवढं सांगायची गरज नाही’ असं मागून कुणी म्हणालं की काय करायचं, ते ठरवायला अजून माणूसच लागतो.

शेवटचा मुद्दा, आणि हा आपल्या शाळेचा आहे. आपण शिकत होतो तेव्हा वर्गात जवळजवळ सगळे मराठी घरांतले होतो. आता पटावरची नावं पाहा. सांगवी, दापोडी, पिंपळे गुरवच्या खोल्यांमध्ये राहणारी बिहारची, कर्नाटकची, बंजारा तांड्यांवरची मुलं आपल्या बाकांवर बसतात. बाई सांगत होत्या की ती मराठीत कच्ची आहेत, मागे पडतात. खरं आहे. पण हीच मुलं औंधच्या दवाखान्यात आईचं दुखणं डॉक्टरांना सांगतात. बँकेत बापाचा फॉर्म भरून देतात. घरमालक आणि आई यांच्यात उभी राहून दोघांचं एकमेकांना समजावतात. दहा वर्षांचं पोर रोज दुभाषाचं काम करतंय आणि आपण त्याला कच्चा म्हणतोय. वसईच्या किल्ल्यातल्या शाळेतलं ते दोन भाषांचं पोर याहून वेगळं नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी मागते. शिक्षकांना विनंती, की अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘मराठी सुधारणे आवश्यक’ असा शेरा जरूर लिहा, पण त्याच्याखाली ‘दोन भाषा उत्तम बोलतो’ हेही लिहा. आणि आपणा माजी विद्यार्थ्यांना सांगते, की येत्या जूनपासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथेच, आठवी ते दहावीच्या मुलांना जपानी शिकवणार आहे. फी नाही. बाईंनी वर्ग द्यायचं कबूल केलं आहे. वह्या, शब्दकोश आणि एक चांगला स्पीकर तुम्ही द्या. ज्यांची नोकरी कारखान्यात आहे त्यांनी महिन्यातून एक रविवार येऊन मशीनची नावं, सुरक्षेचे नियम मुलांना मराठीत सांगा, मी ते जपानीत सांगेन.

पहिला प्रवेश, मागच्या बाकावर बसणाऱ्या, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना. तेवढी अट माझी.